बोका ज्युनियर्सचा मालक कोण?

मुंबई इंडियन्स कुणाची, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या शेखांची, चेल्सी आधी एका रशियन अब्जाधीशाची होती आणि आता अमेरिकनांची आहे, हे सगळं आपल्याला पाठ असतं, कारण क्लब म्हटला की त्याला मालक असणारच अशी आपली पक्की समजूत झालीय. त्यामुळे अर्जेंटिनातल्या बोका ज्युनियर्सबद्दल पहिल्यांदा वाचायला लागलं की जरा गडबडायला होतं. मॅराडोनाचा क्लब, निळी-पिवळी जर्सी, ते हादरणारं स्टेडियम, सगळं ठीक, पण मालक? तर मालक नाहीच. शेअर नाहीत, शेअरबाजार नाही, विकत घेता येत नाही. तीन लाखांच्या वर सभासद आहेत आणि क्लब त्यांचा आहे.

ज्यांच्या घरात कुणीतरी साखर कारखान्याचं नाहीतर पतपेढीचं सभासद आहे त्यांना हे प्रकरण पाच मिनिटांत कळेल, खरंच. सभासद, मतदार यादी, पॅनेल, दर चार वर्षांनी निवडणूक, चेअरमन, जुना चेअरमन विरुद्ध नवा चेअरमन, आणि चेअरमनकीवरून थेट राजकारणात उडी. हे सगळं बोकामध्ये जसंच्या तसं आहे. फरक इतकाच की तिथल्या सभासदाला डिव्हिडंड मिळत नाही आणि दिवाळीला साखरही मिळत नाही. कायद्याने बोका ही नफा न कमावणारी नागरी संस्था आहे, म्हणजे आलेला पैसा परत क्लबमध्येच घालायचा. आणि हा एकटा बोकाचा प्रकार नाही बरं का, अर्जेंटिनातले जवळपास सगळे मोठे क्लब असेच आहेत, रिव्हर प्लेटसुद्धा. मी बोका घेतला कारण या पद्धतीत चांगलं-वाईट जे काही होऊ शकतं ते सगळं इथे एकाच ठिकाणी होऊन गेलंय.

सभासदाला तिकडे सोसिओ म्हणतात. त्यात दोन मुख्य प्रकार. एक आक्तिवो, म्हणजे पूर्ण सभासद, याला मॅच बघायचा हक्क आणि काही वर्षं झाली की मताचा हक्क. दुसरा आदेरेन्ते, म्हणजे संलग्न सभासद, हा दर महिन्याला वर्गणी भरतो पण त्याला मत नाही आणि मॅचचं तिकीटही आक्तिवो लोकांचं झाल्यावर उरलं तर मिळतं. मग हा वर्गणी भरतो कशाला? रांगेत राहायला. स्टेडियममध्ये माणसं मावतात साधारण 57 हजार आणि सभासद तीन लाखांवर, आता तुम्हीच हिशोब करा. आपल्याकडे पूर्वी बजाज स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे ना, तसंच. फक्त स्कूटरवाला दर महिन्याला पैसे मागत नव्हता. साध्या माणसाने खिडकीवर जाऊन बोकाच्या लीग मॅचचं तिकीट काढलं असं तिकडे होत नाही.

आता हे सुरू कसं झालं ते बघू, कारण ही सभासदांची भानगड वरून कुणी लादलेली नाही, ती जन्मापासूनच आहे.

ब्युनॉस आयर्स शहराच्या दक्षिण टोकाला रिआचुएलो नावाची छोटी नदी मोठ्या ला प्लाता नदीला मिळते. त्या मुखावरची वस्ती म्हणून नाव ला बोका, बोका म्हणजे तोंड. एकोणिसाव्या शतकात इथे बंदर होतं आणि इटलीतून, त्यातही जेनोवाहून आलेले खलाशी, गोदी कामगार, जहाजदुरुस्तीवाले इथे राहायला आले. घरं म्हणजे लाकूड आणि पन्हाळी पत्रा, एकेका खोलीत एकेक कुटुंब, मध्ये सामायिक अंगण, म्हणजे आपली चाळच की. जहाजांना लावून उरलेला रंग घराला फासायचा, म्हणून ती रंगीबेरंगी घरं, जी आता टुरिस्ट लोक फोटो काढायला जातात. बोकाच्या लोकांना आजही सेनेइसे म्हणतात, ते जेनोवाच्या बोलीतल्या जेनोवावासी या शब्दावरून आलंय.

या वस्तीतली पाच पोरं, बालिएत्तो, स्कार्पात्ती, साना आणि दोघे फारेंगा भाऊ, सगळी इटालियन घरांतली, 1905 च्या एप्रिलमध्ये प्लासा सोलिस नावाच्या चौकात बाकड्यावर बसली आणि क्लब काढायचं ठरवलं. 3 एप्रिल 1905 ही स्थापनेची तारीख. गोष्ट अशी सांगतात की बैठक बालिएत्तोच्या घरी चालली होती, आवाज इतका वाढला की त्याच्या वडलांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि मग उरलेली बैठक चौकात झाली. म्हणजे क्लबची पहिली सभाच गोंधळात गुंडाळली गेली, पुढच्या शंभर वर्षांची चुणूक म्हणायची. नावात बोका आलं वस्तीवरून, आणि ज्युनियर्स हे इंग्रजी शेपूट लावलं कारण फुटबॉल तेव्हा इंग्रजांचा साहेबी खेळ होता आणि बोका म्हटलं की लोक नाक मुरडायचे, तर जरा वजन यावं म्हणून. पहिली मॅच 21 एप्रिलला झाली, मारियानो मोरेनो नावाच्या टीमविरुद्ध, 4-0 ने जिंकले.

जर्सीच्या रंगाचा किस्सा सगळ्यांना आवडतो. आधी काळे-पांढरे पट्टे होते. मग 1907 च्या सुमारास रंग बदलायचं ठरलं पण कुठला घ्यावा यावर एकमत होईना. बंदरात काम करणारा ब्रिकेत्तो नावाचा त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, उद्या बंदरात पहिलं जे जहाज येईल त्याच्या झेंड्याचे रंग घ्या. आलं ते स्वीडनचं जहाज, म्हणून निळा आणि पिवळा. जहाजाचं नाव द्रॉटनिंग सोफिया, म्हणजे सोफिया राणी, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण लक्षात घ्या की ब्युनॉस आयर्सच्या गोरगरीब गोदी वस्तीतली इटालियन पोरं, इंग्रजांचा खेळ, इंग्रजी नाव आणि स्वीडनचे रंग. बंदरावरच्या क्लबचं सगळं असं जे आलं ते उतरवून घेतलेलं.

1913 ला बोका वरच्या डिव्हिजनमध्ये आला आणि तेव्हापासून आजतागायत एकदाही खाली गेलेला नाही. याचं तिथे काय कौतुक असतं ते विचारू नका, कारण समोरचा, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी, रिव्हर प्लेट 2011 साली रेलिगेट झाला होता आणि बोकाची माणसं ते त्यांना मरेपर्यंत विसरू देणार नाहीत. गंमत म्हणजे रिव्हरसुद्धा मूळचा ला बोका वस्तीतलाच, 1901 चा. नंतर तो शहराच्या उत्तरेला, पैसेवाल्या भागाकडे सरकला, 1930 च्या दशकात महागडे खेळाडू घेतले म्हणून त्याला मियोनारियोस, म्हणजे लखपती, नाव पडलं. बोकाला मात्र बोस्तेरो म्हणायचे. बोस्ता म्हणजे घोड्याची लीद, वस्तीतल्या वासावरून मारलेला टोमणा. आता बोकावाले तोच शब्द छाती पुढे काढून मिरवतात. चाळीतले विरुद्ध बंगल्यातले असं हे भांडण आहे, निदान सांगायला तरी, प्रत्यक्षात दोन्हीकडे गरीबही आहेत आणि श्रीमंतही.

पण बोका वस्ती सोडून कधीच गेला नाही असंही नाही. 1914 मध्ये मैदान मिळेना म्हणून क्लब विल्दे नावाच्या लांबच्या उपनगरात गेला. झालं काय, की वस्तीतली माणसं तिकडे जाईनात आणि सभासद भराभर गळाले. दोन वर्षांत क्लब गुपचूप परत आला. मला वाटतं अख्ख्या इतिहासातली ही सगळ्यात कमी सांगितली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मालक असता तर त्याने नवीन जागी नवीन गिऱ्हाईक शोधलं असतं, अमेरिकेत तर टीमच्या टीम एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेतात. इथे वर्गणीच यायची थांबली, त्यामुळे निर्णय आपोआप झाला.

1925 ला बोका युरोपच्या दौऱ्यावर गेला, असा जाणारा अर्जेंटिनातला पहिला क्लब. स्पेन, जर्मनी, फ्रान्स मिळून 19 मॅचेस, 15 जिंकल्या, फक्त 3 हरल्या. यात व्हिक्तोरियानो काफारेना नावाचा एक पैसेवाला फॅन टीमबरोबर गेला, स्वतःचे पैसे घातले, सामान बघितलं, खेळाडूंना मालिश करून दिलं, पडेल ते काम केलं. खेळाडूंनी त्याला नाव दिलं बारावा खेळाडू. पुढे बोकाच्या अख्ख्या प्रेक्षकांनाच बारावा म्हणायला लागले, आणि त्याच्याही पुढे तेच नाव एका टोळीने घेतलं, त्यावर नंतर येतो.

स्टेडियमबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, सांभाळून घ्या. ला बोंबोनेरा, म्हणजे चॉकलेटचा डबा. 25 मे 1940 ला उघडलं. आर्किटेक्ट सुल्चिच हा स्लोव्हेनियातून आलेला, सोबत देल्पिनी नावाचा इंजिनियर. अडचण अशी की जागा अगदी चिंचोळी, चारी बाजूंनी रस्ते आणि घरं. मग त्यांनी तीन बाजूंना स्टँड एकावर एक असे उभे चढवले, इतके तिरके की वरच्या मजल्यावर बसलेल्याला वाटावं आपण पुढच्या माणसाच्या डोक्यावर पाय ठेवून बसलोय, आणि चौथ्या बाजूला स्टँडला जागाच उरली नाही तर तिथे सरळ भिंतीसारखे बॉक्स, म्हणजे खास प्रेक्षकांचे छोटे कक्ष. वरून बघितलं तर इंग्रजी डी अक्षर. तिसरा मजला 1953 ला चढला. डब्याचं नाव कुठून आलं तर म्हणे सुल्चिचला कुणीतरी चॉकलेटचा डबा भेट दिला आणि त्याला तो हुबेहूब आपल्या नकाशासारखा वाटला.

या तिरकेपणामुळे आवाज आतच घुमतो आणि हजारो माणसं एका ठेक्यात उड्या मारायला लागली की काँक्रीट खरोखर हलतं. बोकाचे लोक म्हणतात बोंबोनेरा थरथरत नाही, तिचं काळीज धडधडतं. व्हिडिओमध्ये बघताना मला आधी वाटायचं कॅमेरावाल्याचाच हात हलतोय. आणखी एक छोटी गोष्ट, कोकाकोलाची जाहिरात या स्टेडियमवर लाल-पांढऱ्यात नव्हती, काळ्या-पांढऱ्यात होती, कारण लाल-पांढरा म्हणजे रिव्हर. ही कंपनी सहसा आपला लाल रंग सोडत नाही, इथे सोडला.

आता वाईट बाजूकडे येऊ. सभासदांचा क्लब म्हणजे सगळं छान असं कुणी समजू नये, आपण कारखान्यांचं काय होतं ते बघितलेलंय.

आल्बेर्तो आर्मांदो नावाचा मोटारींचा डीलर, दोनदा मिळून वीसेक वर्षं बोकाचा अध्यक्ष होता, दुसऱ्या वेळी तर 1960 ते 1980 सलग. कर्तबगार माणूस, त्याच्याच काळात, लोरेन्सो कोच असताना, 1977 आणि 1978 ला बोकाने कोपा लिबर्तादोरेस जिंकली, ही म्हणजे दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग समजा. 1977 ची फायनल ब्राझीलच्या क्रुझेरोविरुद्ध पेनल्टीवर गेली आणि गोलकीपर गात्तीने शेवटची पेनल्टी अडवली. पण याच आर्मांदोच्या डोक्यात 1960 च्या दशकात एक भव्य स्वप्न शिरलं, नदीत भराव घालून बेटं बनवायची आणि त्यावर क्रीडानगरी आणि 1 लाख 40 हजार माणसांचं स्टेडियम. सरकारने नदीतली जागा दिली, सभासदांकडून बाँड विकून पैसे गोळा केले, तारीखसुद्धा जाहीर केली, 25 मे 1975 ला उद्घाटन. ती तारीख आली आणि गेली. बेटं झाली, थोड्या इमारती झाल्या, काही वर्षं लोक तिथे फिरायला जायचे, स्टेडियम मात्र झालं नाही. बाँड घेतलेल्यांच्या हातात कागद राहिले. आज ज्या चॉकलेटच्या डब्याचं जग कौतुक करतं त्याचं अधिकृत नाव आर्मांदोच्याच नावावर आहे, म्हणजे जे स्टेडियम सोडून जायची ज्याला सगळ्यात जास्त घाई होती त्याचंच नाव. हे असं फक्त सहकारातच होतं.

मग 1981 ला मॅराडोना आला. घर बोकाचं फॅन, वय वीस, अर्हेंतिनोस ज्युनियर्सकडून खेळायचा. रिव्हर जास्त पैसे द्यायला तयार होतं, तर याने एका पेपरवाल्याला सांगून टाकलं की मी बोकाकडे चाललोय, बोकाने तोपर्यंत त्याला विचारलंही नव्हतं. क्लबकडे पैसे नव्हतेच, मग डॉलरमध्ये ठरवून लोनवर, म्हणजे त्याच्या क्लबकडून ठरावीक काळासाठी उसना, आणलं. 22 फेब्रुवारी 1981 ला तायेरेसविरुद्ध पहिली मॅच, 4-1, याचे दोन गोल. त्याच वर्षी लीग जिंकली. आणि त्याच वर्षी अर्जेंटिनाचा पेसो कोसळला. कमाई पेसोत आणि देणं डॉलरमध्ये, याचा अर्थ ज्याने कधी कर्ज काढलंय त्याला समजवायला नको. मॅराडोनाला घेऊन क्लब देशोदेशी प्रदर्शनी सामने खेळत फिरला, तरी भागेना, 1982 ला तो बार्सिलोनाला गेला.

1984 हे बोकाचं तळ गाठलेलं वर्ष. पगार थकले, खेळाडू संपावर गेले. जुलैमध्ये आत्लांताविरुद्ध ज्युनियर पोरं उतरवली, समोरच्या टीमचेही रंग निळे-पिवळे असल्याने दुसरी जर्सी लागणार होती आणि ती नव्हती, म्हणून सरावाचे पांढरे टीशर्ट आणले आणि त्यावर मार्करने नंबर लिहिले. घाम आला तसे नंबर ओघळले. तो फोटो बघितला की अजून पोटात कालवतं. ऑगस्टमध्ये बार्सिलोनाने एका स्पर्धेत 9-1 ने हरवलं. वर्षाच्या शेवटी स्टेडियम धोकादायक म्हणून बंद केलं गेलं आणि क्लबवर बाहेरून प्रशासक नेमला, हा शब्द तर आपल्या रोजच्या बातम्यांतला.

खाजगी मालक असता तर अशा वेळी दुकान बंद झालं असतं किंवा कुणीतरी स्वस्तात उचललं असतं. इथे निवडणूक झाली, 1985 ला आंतोनियो आलेग्रे अध्यक्ष आणि कार्लोस हेलेर उपाध्यक्ष झाले आणि दोघांनी दहा वर्षं बसून हिशोब सरळ केले, देणी फेडली, नदीतली ती भरावाची जागाही विकली गेली. कंटाळवाणं काम, त्यामुळे त्यांच्यावर गाणी नाहीत. लीग जिंकायला 1992 उजाडलं, अकरा वर्षं.

1995 च्या निवडणुकीत त्यांना हरवलं ते माउरिसियो माक्री नावाच्या तरुण उद्योगपतीने, बड्या बिझनेस घराण्यातला. हाच पुढे ब्युनॉस आयर्सचा प्रमुख आणि 2015 ते 2019 अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष. म्हणजे क्लबची चेअरमनकी ते देशाचं सर्वोच्च पद. आपल्याकडे कारखान्यावरून मंत्रालयापर्यंतचा रस्ता काही नवा नाही, पण क्लबवरून थेट राष्ट्रपती भवन हे जरा जास्तच. त्याने क्लब कंपनीसारखा चालवला, बॉक्स पाडून नवे बांधले, आणि 1998 ला कार्लोस बियांचीला कोच म्हणून आणलं, तिथून सगळंच बदललं. लीगमध्ये सलग 40 मॅच न हरण्याचा विक्रम. लिबर्तादोरेस 2000, 2001, 2003. आणि 28 नोव्हेंबर 2000 ची टोकियोतली ती इंटरकॉन्टिनेंटल कपची, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधली, मॅच, समोर फिगो, राऊल, रॉबेर्तो कार्लोस यांचा रेआल माद्रिद, आणि बोकाच्या पालेर्मोने पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल मारले. 2-1. माद्रिदवाल्यांना मॅच सुरू झालीय हे कळायच्या आत निम्मं काम झालं होतं. सहावी आणि आत्तापर्यंतची शेवटची लिबर्तादोरेस 2007 ला, रुसो कोच असताना.

या सगळ्याच्या मधोमध खेळत होता हुआन रोमान रिकेल्मे. संथ, जणू बागेत फिरायला आलाय असा, पण बॉल त्याच्याकडून कुणी काढून दाखवावा. 25 ऑक्टोबर 1997 ला मॅराडोना आयुष्यातली शेवटची मॅच रिव्हरविरुद्ध खेळला, हाफटाइमला बाहेर गेला आणि त्याच्या जागी आला रिकेल्मे, असं पटकथेत लिहिलं तर लोक म्हणतील अति होतंय. 2001 ला त्याचं आणि अध्यक्ष माक्रीचं पैशावरून वाजलं होतं. एप्रिलमध्ये रिव्हरविरुद्ध गोल मारल्यावर हा पळत गेला नाही, मैदानाच्या मध्याशी येऊन माक्रीच्या बॉक्ससमोर उभा राहिला आणि दोन्ही हात कानामागे लावले, कार्टूनमधल्या उंदरासारखे. काय म्हणताय, ऐकू येत नाही. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं.

हा सीन लक्षात ठेवा, कारण बावीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला. रिकेल्मे रिटायर झाला, 2019 ला एका पॅनेलमधून उपाध्यक्ष झाला, आणि 2023 ला स्वतः अध्यक्षपदाला उभा राहिला. समोरच्या पॅनेलमध्ये अध्यक्षपदाला इबार्रा आणि उपाध्यक्षपदाला कोण, तर माक्री, देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष. आणि मग जे झालं ते वाचताना मला चार-पाचदा वाटलं की मी आपल्या जिल्ह्याची पुरवणी वाचतोय. निवडणूक 2 डिसेंबरला होती. विरोधक कोर्टात गेले की 13 हजारांहून जास्त आदेरेन्ते सभासदांना रांग डावलून आक्तिवो केलंय, म्हणजे मतदार यादीत बोगस नावं घुसवलीत. कोर्टाने निवडणूक थांबवली, रस्त्यावर मोर्चे निघाले, शेवटी 17 डिसेंबरला त्या वादातल्या लोकांचं मतदान वेगळ्या पेट्यांत घेऊन निवडणूक झाली. बोंबोनेरात 40 हजारांहून जास्त माणसं मत द्यायला आली. नवे राष्ट्राध्यक्ष मिलेई, शपथ घेऊन आठवडा झाला होता, तेही सभासद म्हणून मत द्यायला आले आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. रिकेल्मे साधारण 65 टक्के मतं घेऊन निवडून आला.

आणि यात फक्त जुना हिशोब नव्हता. मिलेईंनी तीनच दिवसांनी एक भलामोठा अध्यादेश काढला, त्यात फुटबॉल क्लबना कंपनी बनायची, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदाराला घ्यायची परवानगी होती. मुद्दा अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये 2021 च्या कायद्याने हे सुरू झालंय, बोताफोगो हा क्लब अमेरिकन मालकाने घेतला आणि 2024 ला लिबर्तादोरेस जिंकला, आणि ब्राझीलचे क्लब आता इतके पैसे ओततात की अर्जेंटिनावाले मागे पडत चाललेत. पण अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने आपल्या घटनेत हे बसत नाही म्हणून आडवा पाय घातला आणि बोकासकट बहुतेक क्लबनी आम्ही सभासदांचेच राहणार असं जाहीर केलं. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत घुमतंय.

आता ती टोळी. गोलपोस्टच्या मागच्या स्टँडमध्ये, मधोमध, ढोल आणि झेंडे घेऊन उभे असतात ते ला दोसे, म्हणजे बारा. टीव्हीवर दिसणारा जो माहोल आहे तो बराचसा त्यांचाच. अर्जेंटिनात अशा टोळ्यांना बारा ब्रावा म्हणतात, हा बारा आकडा नव्हे, शब्दच वेगळा. हे नुसते फॅन नाहीत. स्टेडियमबाहेरचं पार्किंग, तिकिटांचा काळाबाजार, खाण्याच्या गाड्या यांवर त्यांचा धंदा चालतो, आणि क्लबच्या निवडणुकीत माणसं जमवायला, सभेत आवाज करायला पुढाऱ्यांना ते लागतात. इथेच सभासद-पद्धतीची किड आहे, मत असलं की मतांचे ठेकेदार येतात. 1994 ला रिव्हरचे दोन फॅन गोळ्या घालून मारले गेले आणि ला दोसेचे तेव्हाचे पुढारी तुरुंगात गेले. टोळी मात्र संपली नाही, फक्त माणसं बदलली. 2013 पासून अर्जेंटिनात लीगच्या मॅचला पाहुण्या टीमचे प्रेक्षक येऊच देत नाहीत, म्हणजे बोका-रिव्हरसारख्या मॅचला स्टेडियमभर एकाच बाजूची माणसं. काही अपवाद करून बघितले, पण मुळात बंदीच.

2018 तर कळस होता. लिबर्तादोरेसच्या फायनलला इतिहासात पहिल्यांदा बोका आणि रिव्हर समोरासमोर. फायनल दोन सामन्यांची, पहिला 2-2. दुसरा सामना होता त्या दिवशी, 24 नोव्हेंबरला, रिव्हरच्या स्टेडियमजवळ बोकाच्या बसवर दगड आले, काचा फुटल्या, खेळाडूंच्या डोळ्याला लागलं, मॅच रद्द. शेवटी 9 डिसेंबरला ती कुठे झाली, तर माद्रिदमध्ये. स्पेनपासून खंड सोडवणाऱ्या वीरांच्या नावाची ही ट्रॉफी, लिबर्तादोरेस म्हणजेच मुक्तिदाते, आणि तिची फायनल स्पेनच्या राजधानीत. रिव्हर 3-1 ने जिंकलं. बोकाच्या माणसासमोर हा विषय काढू नका.

बाकी क्लब म्हणजे फक्त पुरुषांचं फुटबॉल नाही हेही सांगायला हवं. बास्केटबॉल आहे, व्हॉलीबॉल आहे, फुटसाल, म्हणजे छोट्या इनडोअर मैदानावरचं फुटबॉल, आहे, वस्तीतल्या पोरांचे वर्ग आहेत. बायकांची टीम जबरदस्त आहे, जानेवारी 2021 ला महिलांच्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या फायनलमध्ये त्यांनी रिव्हरला 7-0 ने धुतलं.

आणि रिकेल्मे अध्यक्ष म्हणून कसा? खेळाडू म्हणून देव, चेअरमन म्हणून मध्यम, असं माझं मत, शिव्या घालायच्या तर घाला. तो उपाध्यक्ष असताना 2023 ला लिबर्तादोरेसची फायनल गाठली, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेने एक्स्ट्रा टाइममध्ये 2-1 ने हरवलं. पारेदेससारखा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस 2025 ला रोमा सोडून घरी परत आला, हे रिकेल्मेच्या शब्दावर झालं असं मानतात. पण त्याच वर्षीच्या क्लब वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीशी 1-1 बरोबरी झाली, ज्यांचे खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळतात. मी ती मॅच बघितली आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. ऑक्टोबरमध्ये रुसो गेले, आजारी असतानाही पुन्हा कोच म्हणून आले होते, तेव्हा रांगा लावून लोक बोंबोनेरात निरोप द्यायला आले.

सध्या सगळ्यात मोठा वाद पुन्हा जागेचाच आहे. त्या भिंतीसारख्या चौथ्या बाजूला स्टँड चढवला तर हजारो आदेरेन्तेंची रांग सरकेल. पण पलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे घरं आहेत, साधी, वस्तीतल्या लोकांची. क्लबला ती घरं हवीत, दर निवडणुकीत प्रत्येक पॅनेल नवा नकाशा दाखवतं, आणि घरवाले काही विकायला तयार होत नाहीत. त्यातले बरेचजण स्वतःही बोकाचेच असणार. पुढची निवडणूक 2027 च्या डिसेंबरमध्ये आहे, तेव्हा आणखी एक नकाशा येईल.